आधी टाळू पाहा: चीनच्या किनाऱ्यावरचे शिंगाळे ओळखताना

चीनच्या किनाऱ्यावर समुद्रात मिळणारे मिशावाले मासे दोन कुळांतले. एक अ‍ॅरिइडी, म्हणजे आपल्या कोकणातल्या शिंगाळ्याचं कुळ, आणि दुसरं प्लोटोसिडी. ही दोन वेगळी करायला भिंग लागत नाही, शेपटी पाहिली की पुरे. शेपटी दुभंगलेली आणि पाठीवर मागच्या बाजूला छोटा मांसल पर असेल, तर मासा अ‍ॅरिइडी कुळातला. शेपटी वामेसारखी निमुळती, पाठीवरचा दुसरा पर, शेपटीचा पर आणि पोटाखालचा पर सलग जोडलेले, मिशांच्या चार जोड्या आणि अंगावर फिकट पट्टे असतील, तर तो प्लोटोसस लिनिएटस.

नदीमुखात मात्र गोंधळ होतो. दक्षिण चीनमधल्या पर्ल नदीच्या मुखाशी जाळ्यात बॅग्रिडी कुळातले गोड्या पाण्याचे मासेही येतात आणि त्यांनाही पाठीवर मांसल पर असतो. अशा वेळी नाकपुडी पाहायची. बॅग्रिडींना नाकपुडीशी मिशांची एक जोडी असते, अ‍ॅरिइडींना तिथे मिशी कधीच नसते.

खरी मेहनत अ‍ॅरिइडींच्या आत आहे. रंगावर विसंबू नका, फॉर्मॅलिनमध्ये तो उतरतो. अ‍ॅरियस मॅक्युलेटसच्या मांसल परावरचा काळा डाग ताज्या माशावर उपयोगी पडतो, पण तेवढ्यावर नाव देऊ नये. तोंड उघडा. उजव्या जबड्याचा कोपरा कात्रीने थोडा कापा. डावी बाजू शाबूत ठेवायची, कारण मापं तिकडूनच घेतात. टाळूवरचा बुळबुळीत थर ओल्या ब्रशने काढला की दातांचे पुंजके दिसतात. अ‍ॅरियस मॅक्युलेटसमध्ये प्रत्येक बाजूला एकच लांबट पुंजका असतो, दात दाणेदार. नेटुमा थॅलॅसिनामध्ये प्रत्येक बाजूला तीन पुंजके त्रिकोणात मांडलेले असतात. मग कल्ल्यांच्या पहिल्या दोन कमानी उचलून त्यांची मागची कड तपासा. नेटुमामध्ये तिथे काटे नसतात.

आता चूक कुठे होते ते सांगतो. या कुळात अंडी नराच्या तोंडात उबवली जातात. अंडं सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही मोठं असतं आणि तेवढे दिवस नर खात नाही. या काळात त्याच्या टाळूवरची कातडी सुजते, दातांचे पुंजके झाकले जातात. अशा नराची नोंद ‘दात नाहीत’ म्हणून झाली, तर ओळख पार दुसऱ्याच प्रजातीकडे जाते. पिल्लांचंही तसंच, पुंजके पुरते वाढलेले नसतात. म्हणून एका जागेचे नर, मादी आणि लहानमोठे मासे शेजारी ठेवून पाहावेत. मादीच्या पोटाजवळच्या परांवर मांसल गादी असते, त्यावरून ती निवडता येते. नेटुमा थॅलॅसिना आणि नेटुमा बायलिनिएटा हे दोन मोठे शिंगाळे दीर्घकाळ एकच समजले जात. मत्स्यशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कायलोला यांनी 1986 मध्ये त्यांची तुलना नीट मांडली. त्यापूर्वीच्या यादीतला ‘थॅलॅसिनस’ (थॅलॅसिनाचंच जुनं रूप) यांपैकी कोणता, हे जपून ठेवलेला मासा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

जुन्या नावांचा आणखी एक घोळ आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत त्रासदायक. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी 1803 मध्ये टॅकिसुरस सायनेन्सिस हे नाव दिलं ते एका चिनी चित्रावरून. समोर मासा नव्हताच! पुढे टॅकिसुरस हे नाव चीनच्याच नव्हे, भारताच्याही पुस्तकांत सागरी शिंगाळ्यांना लागलं. 2007 मध्ये या नावासाठी नवा प्रमाण-नमुना, म्हणजे नाव ज्याला कायमचं जोडलेलं असतं तो मासा, ठरला आणि तो निघाला बॅग्रिडी. त्यामुळे जुन्या यादीतला टॅकिसुरस समुद्रातला, तर आजच्या यादीतला गोड्या पाण्यातला. ‘टॅकिसुरस थॅलॅसिनस’ला निदान नेटुमा या गटात तरी नेता येतं. चिनी पुस्तकांतला ‘अ‍ॅरियस सायनेन्सिस’ मात्र मासा पाहिल्याशिवाय कागदावर बदलून टाकू नये.

नमुना ठेवताना क्रम पाळा. आधी ताजा फोटो, मग स्नायूचा लहान तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये, आणि त्यानंतरच मासा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो, मग त्याचा क्रम वाचायला साहित्यच उरत नाही. पुढे मासा 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवायचा. पोटाखालच्या पराचे सुरुवातीचे किरण कातडीत बुडालेले असतात. नुसत्या डोळ्यांनी मोजले तर आकडा कमी येतो, तिथे एक्स-रे घ्यावा.

हाताळताना पाठीवरचा आणि छातीवरचे काटे ताठ अडकलेले असतात, दातेरी आणि विषारीही. प्लोटोससचा काटा विशेष वाईट. लागलाच तर भाजणार नाही इतपत गरम, 45 अंशांपर्यंतच्या पाण्यात हात धरा आणि डॉक्टरकडे जा. काट्याचा तुकडा आत मोडून राहिलेला असू शकतो.