राणीचं पांढरं, राणीचं काळं

मंडळी, व्हिक्टोरियन म्हटलं की जाड पडदे, झालरी, फुग्याच्या बाह्या डोळ्यांपुढे येतात. ते सगळं आज बाजूला ठेवू. दोनच रंगांविषयी बोलतो, म्हणजे वेळेत संपेल.

१० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. अंगात पांढरा सॅटिनचा झगा. त्या काळी इंग्लंडात बहुतेक नवऱ्या असेल त्यातला चांगला रंगीत पोशाख घालत, आणि तोच पुढे सणावाराला वापरत. राणीच्या झग्यावरची लेस डेव्हन भागातल्या बायकांनी हाताने विणली होती. यंत्राच्या लेसने त्यांच्या पोटावर पाय आला होता. त्यांना काम मिळावं हाही त्यामागे हेतू. आज पांढरी नवरी अनादि काळापासून चालत आल्यासारखी वाटते. आपल्या गोव्यात ख्रिस्ती नवरी चर्चमध्ये पांढऱ्या झग्यात उभी राहते आणि मग लाल साडो घालते. पांढरं राणीचं, लाल आपलं. ही वाटणी मला फार आवडते.

आता काळं. १४ डिसेंबर १८६१ला नवरा, आल्बर्ट, गेला. राणीने काळं घातलं ते १९०१ मध्ये मरेपर्यंत. सुतकाचा बाजार मात्र आधीच मांडलेला होता: लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर जेज हे दुखवट्याच्या कपड्यांचं दुकान १८४१पासून होतं. विधवेने आधी क्रेप घालायचं. क्रेप म्हणजे चुण्या पाडलेलं, चकाकी नसलेलं रेशीम. पावसाने त्याची पार रया जाई, आणि गाव कुठलं, तर लंडन! पुढे हळूहळू राखाडी, फिकट जांभळं चालायचं. पुरुषाला टोपीवरची काळी पट्टी पुरे. आपलं आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, जन्माचं होतं; तिथे मुदत सरली की रंग परत मिळत. राणीने मुदतच मानली नाही.

त्या जांभळ्याची एक गंमत. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनीन बनवायला बसला, कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून. क्विनीन नाही जमलं, पण भांड्यातल्या काळ्या गाळातून जांभळा रंग निघाला. पठ्ठ्याने कारखानाच काढला.

दागिनेही काळेच लागत. ते यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, व्हिटबी गावात, जेटचे बनत. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं गाडलं गेलेलं लाकूड. हलकं, काळंभोर, घासलं की आरशासारखं. फॅशन ओसरली तसा तो धंदाही बसला.

त्याच व्हिटबीत १९९४पासून गॉथ मंडळींचा, म्हणजे काळे कपडे आणि उदास, गूढ संगीत यांच्या शौकिनांचा, मेळा भरू लागला. काळे घेरदार झगे, कॉर्सेट, लेसचे हातमोजे, डोक्यावरून काळी जाळी. थाट थेट १८६१चा. सुतक मात्र कुणालाच नसतं.