पांदणीत जळलेला क्लच

[पांदण रस्ता. चिखलात जागीच फिरणारं मोटरसायकलचं मागचं चाक.]

यवतमाळ जिल्ह्यातली पांदण, भर पावसाळ्यात. काळी माती मडगार्डात गच्च भरलेली. मागे युरियाची 45 किलोची दोन पोती. गाडी रुतली की चालवणारा क्लच अर्धा दाबून रेस देत राहतो. क्लचच्या प्लेटा जळतात त्या इथे. डांबरी रस्त्यावर ते फक्त कळतं.

[गावातलं गॅरेज. मेन स्टँडवर जुनी स्प्लेंडर.]

स्प्लेंडर 1994 साली आली. 97.2 सीसी, चार गिअर. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स, तिघांना ऑइल एकच.

"गाडी ओढून नाही राहिली," गिऱ्हाईक म्हणतो. चौथ्या गिअरात इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही. म्हणजे क्लच घसरतोय, इंजिनचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. उलट, लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर खाडकन पडत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच सुटत नाहीये, इंजिन चाकापासून पूर्ण वेगळं होत नाही. दोन्हीवर गावोगावी एकच इलाज चालतो, केबल ताणायची. घसरणाऱ्या क्लचची केबल ताणली की तो आणखी घसरतो.

[तळाचा बोल्ट सुटतो. ट्रेमध्ये काळं ऑइल.]

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, गरम असतानाच 17 च्या पान्याने ऑइल काढायचं. मग किकचा दांडा, आड येणारं पायदान आणि उजवं कव्हर काढायचं, क्लच त्याच्या आत असतो. कव्हर पेचकसाने उचकटायचं नाही. बसणीवर चरा पडला की ऑइल तिथूनच झिरपतं.

[क्लच उघडा. जवळून.]

स्प्रिंगांचे चार बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे सैल करायचे. एकच आधी पूर्ण काढला, तर सगळा ताण एका बाजूला येऊन हबचा, म्हणजे प्लेटांच्या आतल्या गाभ्याचा, ॲल्युमिनियमचा खांब तुटतो. प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडायच्या.

आता हे नीट बघा. लोखंडी प्लेट काचेच्या तुकड्यावर ठेवली आहे. 0.2 मिलिमीटरचं फीलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पातं खाली शिरलं, म्हणजे प्लेट वाकली. निळी पडली असेल तर तापली. घर्षणाची प्लेट काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर जाडी शाबूत असूनही ती उपयोगाची नाही. पॉलिश पेपर मारून परत बसवलेली प्लेट गॅरेजच्या फाटकापर्यंतच चांगली चालते.

हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या वाटीच्या, बोटांवर खाचा दिसताहेत? प्लेटा त्यांतच अडकतात, म्हणून क्लच सुटत नाही. हलक्या खाचा कानसेने साफ होतात, खोल असतील तर हाउसिंग बदला. क्लचमागे गिअर ड्रमचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या फिरत्या नळकांड्याचा, स्टॉपर आणि स्प्रिंग असते. गिअर अधेमधे लटकत असेल तर तीही इथेच तपासायची. चालत्या गाडीत गिअर उडत असेल तर दोष बहुधा आतल्या दातांचा किंवा गिअर सरकवणाऱ्या फोर्कचा. त्याला इंजिन फाडावं लागतं. ते काम वेगळं.

[ऑइलच्या वाटीत बुडालेल्या नव्या प्लेटा.]

नव्या प्लेटा कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. ऑइलात चांगल्या भिजवून मगच घालायच्या. ऑइलची जाळी आणि क्रँकवरचा फिल्टर धुवायचा. पॅकिंग नवं लावायचं. सिलिकॉन थापू नका, त्याचे तुकडे त्याच जाळीत जाऊन बसतात.

ऑइलच्या बाटलीवर जासो एमए, म्हणजे ऑइलात चालणाऱ्या ओल्या क्लचसाठीचं मानक, लिहिलेलं असावं. कारचं "मायलेज वाढवणारं" ऑइल ओल्या क्लचला घसरवतं, आणि मग दोष नव्या प्लेटांवर येतो. साधारण 900 मिली ऑइल लागतं. मापपट्टी न पिळता, नुसती टेकवून बघायची.

जुनी गाडी भंगारात घालायच्या आधी एवढं उघडून बघावं. रात्रीबेरात्री दवाखान्यालाही हीच गाडी जाते.

[बोट लिव्हरच्या टोकाशी.]

लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल. मग तीच दोन पोती लादून चढावर एक फेरी.