देव्हारा कुठे बसेल?

[दृश्य : पुणे, सहकारनगर. पहाट. फाटकाच्या कडीचा आवाज.]

सकाळी सहाला आई फाटकाची कडी काढते. दुधाच्या पिशव्या उचलते, परडीत जास्वंदीची फुलं टाकते आणि मान वर करते. समोर पर्वती. देवळाचा कळस दिसला की तिचा दिवस सुरू होतो. १९७२ साली लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून यात खंड नाही.

खाली तीन खोल्या, वर दोन. राहणारी माणसं पाच वर्षांपूर्वी दोन होती. बाबा गेले, आता एक. म्हणून हे घर सोडून आईनं लहान घरात जायचं घाटतंय.

[दृश्य : भिंतीवरचा आजोबा-आजींचा फोटो.]

हे घर कुणी हौसेनं बांधलेलं नाही. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही फोडलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आजोबांचं बिऱ्हाड नारायण पेठेत, वाड्याच्या तळमजल्यावर. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. पुढे पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, त्यांतल्या एका सोसायटीत हा प्लॉट मिळाला. आजी सांगायची, या घरात आलो तेव्हा सगळं सामान एका टांग्यात मावलं, आणि तोही निम्मा रिकामा होता.

आज माळ्यावर नुसता हात घातला तरी तांब्याचा बंब निघतो, दोन पाटे निघतात, मुंजीच्या वयाला आलेल्या माझ्या मुलाचा पाळणा निघतो.

[दृश्य : न्हाणीघराच्या दोन पायऱ्या.]

घर सोडायचा विषय निघाला तो या दोन पायऱ्यांमुळे. मागच्या पावसाळ्यात आई इथं घसरली. हाड मोडलं नाही, पण ती बराच वेळ तशीच बसून होती. हाक मारायला कुणी नव्हतं. मला तिनं हे तब्बल आठ दिवसांनी सांगितलं.

दादा कॅनडातून फोनवर म्हणाला, विकून टाका, आईला इकडे आणू. मी म्हटलं, ज्येष्ठांच्या वसाहतीत जाऊ दे. तिथं डॉक्टर असतो, जेवण असतं, बाथरूममध्ये धरायला दांडे असतात. आम्ही दोघं महिनाभर भांडलो. आईला काय वाटतं, हे विचारायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

ती वसाहत आम्ही पाहिली. चांगली होती, मनापासून सांगते. रुंद दारं, कुठे उंबरा नाही, लिफ्टमध्ये खुर्ची ठेवलेली. आईनं सगळं नीट पाहिलं. परतताना रिक्षात म्हणाली, "इथं सगळेच म्हातारे गं. मला सकाळी शाळेत जाणारी पोरं दिसायला हवीत."

मग तिनंच एक गोष्ट केली. वरच्या मजल्याला कुलूप लावलं, खालची बाहेरची खोलीही बंद केली. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, एवढ्यात एक महिना राहून बघायचं. किल्ली माझ्याकडे दिली. ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांना मी हे आवर्जून सांगते. कागदावरच्या चौरस फुटांपेक्षा या एका महिन्यानं आम्हाला जास्त कळलं.

महिन्यात तिनं तीनदा किल्ली मागितली. एकदा पुरणयंत्रासाठी. एकदा बाबांच्या शालीसाठी. तिसऱ्यांदा काहीच आणायचं नव्हतं. वरच्या खिडकीशी बसली, पर्वतीवरचे दिवे लागेपर्यंत, आणि खाली आली.

[दृश्य : टेबलावर पसरलेले कागद, चष्मा, पेन.]

लहान घर चालेल, एवढं कळलं. आता हे विकून ते घ्यायच्या पैशाचं. नाक न मुरडता बोलायला हवं, कारण इथं घाई महागात पडते. आमच्यासारख्या वसाहतीची मूळ जमीन सरकारची, भाडेपट्ट्यानं दिलेली. तेव्हा आधी मालमत्ता पत्रक काढायचं, हक्क कोणता आणि अटी कोणत्या ते वाचायचं. बाबांच्या मागं वारसनोंद, मग दादाचं आणि माझं हक्कसोडपत्र, म्हणजे आमचा वाटा आईला सोडल्याचा कागद. दादा परदेशात, म्हणून त्याच्या सहीलाच तीन महिने गेले.

घर विकून दोन वर्षांत दुसरं घेतलं, तर त्यात घातलेल्या नफ्यावर कर लागत नाही. मात्र लहान घर स्वस्त असतं. उरलेल्या नफ्यावर कर येतोच. त्यातले ५० लाखांपर्यंत सहा महिन्यांच्या आत ठरावीक रोख्यांत गुंतवले तर तेवढी सूट मिळते. नव्या घरावर पुणे शहरात ७ टक्के मुद्रांक शुल्क आहे. खरेदी बाईच्या नावानं असेल तर ६. म्हणून घर आईच्या नावावर, एकटीच्या.

आमच्या नावावर का नाही, असं शेजारच्या काकांनी विचारलं. प्रेमानंच विचारलं. पण मी ठाम आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सोय आहे, सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. पण आईला स्वतःच्या छपरासाठी प्रांताच्या कार्यालयात अर्ज करायची वेळ का यावी? जिवंतपणी घर तिचंच राहावं. पुढचं मृत्युपत्रात.

[दृश्य : अंगणात पसरलेली भांडी, वह्या, सागवानी खुर्च्या.]

सामानाला सहा रविवार लागले. एकट्या आईनं ठरवायचं, आम्ही फक्त उचलायचं, हा नियम. पितळी डबे भाच्यांना. सागवानी खुर्च्या जुन्या बाजारात न देता अरण्येश्वराजवळच्या वाचनालयाला, तिथं बसायला कमी पडतात म्हणून. पाटा ती कुणालाच देईना. गौरी-जेवणाची चाळीस ताटं समोर घेऊन ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "शेवटचे चाळीस कधी जेवले?" मी आठवून सांगितलं. आठ वर्षं झाली होती. तिनं बारा ताटं बाजूला काढली.

बारा. म्हणजे नव्या घरातही ती गौरी आणणार आहे.

[दृश्य : नवी इमारत, लिफ्टचं दार.]

नवं घर इथून तीन गल्ल्या पुढे. तिसरा मजला, लिफ्ट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दूधवाला तोच, भाजीवाली तीच, रक्तदाब बघणारे डॉक्टर तेच. संध्याकाळी चालायला जाणाऱ्या चौघी तिला जिन्याखालून हाक मारू शकतील. आम्ही स्वस्त म्हणून शहराबाहेरचं मोठं घर घेत होतो. ते आईनं दोन मिनिटांत नाकारलं. आज मला वाटतं, ती दोन मिनिटं आमच्या वर्षभराच्या हिशोबापेक्षा भारी होती.

अजून विसार दिलेला नाही. कदाचित या दिवाळीनंतर. कदाचित ती शेवटच्या क्षणी नको म्हणेल, आणि मग आम्ही इथल्या न्हाणीघराला दांडे बसवू, पायऱ्या काढून उतार करू. तेही चालेल.

[दृश्य : रिकामा फ्लॅट. दुपारचं ऊन. आईच्या हातात सुतळी.]

काल ती पुन्हा फ्लॅट बघायला आली. देव्हाऱ्याचं माप सुतळीला गाठी मारून आणलं होतं. पूर्वेच्या भिंतीला लावून पाहिलं, चार बोटं कमी पडली. दुसऱ्या भिंतीला लावलं. मग गॅलरीत गेली, कठड्याला धरून उजवीकडे वळली, आणि तिथून मला हाक मारली.

"इकडे ये. इथून दिसते का बघ तुला."