हलक्या कामांनी खांदा का दुखतो?

श्रोतेहो, खांदा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला ‘नेमके काय करताना दुखते?’ असे विचारले, की मिळणारे उत्तर पुष्कळदा विसंगत वाटते. भरलेली बादली उचलून नेताना फारसा त्रास होत नाही. पण वरच्या फळीवरचा जवळजवळ रिकामा डबा काढताना, शर्टाच्या बाहीत हात घालताना किंवा गाडीच्या मागच्या आसनावरची पिशवी हात मागे नेऊन ओढताना कळ येते. जड कामाने दुखत नाही आणि हलक्या कामाने दुखते म्हटल्यावर घरचे लोक कधीकधी दुखण्याबद्दलच शंका घेतात. ती शंका अन्यायाची आहे, कारण या विसंगतीचे उत्तर खांद्याच्या रचनेतच मिळते.

दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोल असते आणि ते पात्याच्या हाडावरील ज्या खोबणीला टेकते, ती खोबण उथळ आणि त्या गोलाच्या मानाने बरीच लहान असते. मांडीचे हाड जसे खोल उखळीत रुतून बसते, तसे इथे नाही. त्यामुळे हात जवळपास हव्या त्या दिशेला नेता येतो. मात्र गोल टोक जागेवर धरून ठेवण्याचे बरेचसे काम हाडांऐवजी स्नायूंवर येते. पात्यापासून निघून दंडाच्या टोकाला वेढणारे चार लहान स्नायू, ज्यांच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या) वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात, हाताची प्रत्येक हालचाल होत असताना हे काम करत असतात. हात खालून थेट कानापर्यंत नेताना होणाऱ्या सुमारे 180 अंशांच्या हालचालीपैकी 120 अंश मुख्य सांध्यात होतात आणि उरलेले 60 अंश पाते छातीच्या पिंजऱ्यावर फिरल्यामुळे मिळतात. आपण बसल्या जागी हे पडताळून पाहू शकता: आधी पोक काढून हात वर करा, मग पाठ सरळ करून करा, दुसऱ्या वेळी तो अधिक वर जाईल. यावरून वाकून बसण्यानेच खांदे बिघडतात असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. तो संबंध लोक समजतात तितका सरळ नाही.

आता बादलीकडे वळू. साठ किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण 3 किलोचा असतो. तो कोपर न वाकवता खांद्याच्या उंचीवर आडवा धरला, तर त्याचे वजन खांद्यापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर एकवटल्यासारखे असते, तर त्याला तोलणाऱ्या स्नायूंची ओढ सांध्यापासून जेमतेम 3 सेंटिमीटर अंतरावरून लागते. अंतर दहावा हिस्सा, म्हणून जोर दहापट. म्हणजे नुसता रिकामा हात तोलण्यासाठी सुमारे 30 किलोंचा जोर लागतो. त्याच हाताच्या पंज्यात एक किलोची वस्तू दिली, की खांद्यापासूनचे तिचे अंतर 60 सेंटिमीटर असल्याने आणखी 20 किलोंची भर पडते. उलट बादली अंगालगत सरळ खाली लोंबत असते, तिचे आडवे अंतर जवळपास शून्य असते आणि म्हणून ती जड असूनही खांद्याला सोसते.

रोजच्या कामांत करायचे बहुतेक बदल या एका हिशेबातून निघतात. कोपर वाकवून वस्तू अंगाजवळ आणली, की तोच भार निम्म्यावर येतो. उंच फळीसाठी हात ताणण्यापेक्षा भक्कम स्टुलावर चढावे आणि रोज लागणाऱ्या वस्तू छाती ते कंबर या पट्ट्यात ठेवाव्यात. संगणकाचा माऊस कीबोर्डच्या पलीकडे दूर असेल, तर वस्तू उचलली नसतानाही हात तासन्तास लांब तोलला जातो. तो जवळ ओढावा आणि कोपराखाली आधार असावा. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. मागच्या आसनावरची पिशवी मात्र गाडीतून उतरूनच घ्यावी; त्या एका ओढीने बरा होत आलेला खांदा पुन्हा दुखू लागल्याचे अनेकदा दिसते.

रात्रीच्या ठणक्याने लोक सर्वांत जास्त हैराण होतात. दुखऱ्या कुशीवर भार येतो हे उघड आहे, पण चांगल्या कुशीवर झोपल्यावरही वरचा हात छातीपुढे घसरतो आणि कंडरा ताणल्या जातात. यासाठी एक उशी कवेत घेऊन त्या हाताला आधार द्यावा. उताणे झोपत असाल, तर कोपराखाली पातळ उशी घेऊन दंड थोडा उचललेला ठेवावा.

दुखण्याचे मूळ कंडरांत असेल, तर हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात दुखते आणि त्यापुढे बरे वाटते. खांदा आखडला असेल, म्हणजे फ्रोझन शोल्डर असेल, तर चित्र वेगळे दिसते: हात स्वतःला तर वर नेता येत नाहीच, पण दुसऱ्याने उचलला तरी अडतो आणि कोपर कुशीला लावून पंजा बाहेर वळवणे विशेष कठीण जाते. हा विकार बहुधा 40 ते 60 या वयात होतो, मधुमेहींमध्ये जास्त आढळतो आणि निवळायला एक ते तीन वर्षे घेऊ शकतो. त्यात जोर लावून सांधा मोकळा करण्याचा प्रयत्न सुरुवातीच्या दुखऱ्या काळात टाळावा.

कंडरांच्या दुखण्यात पूर्ण विश्रांती फार दिवस चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भार काढून घेतलेली कंडरा आणखी अशक्त होते. आधी भिंतीला हात टेकून न हलवता दाबणे, मग भिंतीवरून हात वर सरकवणे, नंतर रबरी पट्टा ओढणे, अशा क्रमाने भार वाढवावा. व्यायामात थोडे दुखले तर चालते. ते दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरले नाही, तर मात्रा कमी करावी. शस्त्रक्रियेची घाई नको असे म्हणण्यामागे कारण आहे. पात्याच्या टोकाखालची जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया एकेकाळी सर्रास होई. तिची तुलना केवळ दुर्बिणीतून सांधा पाहून बंद करण्याशी करणारा ब्रिटनमधील अभ्यास 2018 साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला आणि दोन्ही गटांतील रुग्णांना सारखाच उतार पडल्याचे दिसले. एमआरआयमध्ये कंडरा फाटलेली दिसली तरी घाबरू नये, कारण उतारवयात अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही ती पुष्कळदा फाटलेली आढळते.

काही दुखणी मात्र खांद्याची नसतातच. छातीत दडपण, घाम किंवा दम यांसह खांदा वा हात दुखू लागला, तर ते हृदयाचे लक्षण समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. मुंग्या कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असतील, तर मान तपासावी लागते. पडल्यानंतर हात एकाएकी उचलता येईनासा झाला किंवा तापासह सांधा सुजून गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बाकीच्यांनी व्यायामाला सहा ते बारा आठवडे द्यावेत आणि तेवढ्याने फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासून घ्यावे.