ग्लिकमन सांगतात तेव्हा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

आपल्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, या प्रस्तावावर मला आज बोलायचं आहे. पण आधी एका न्यूयॉर्ककर ज्यू माणसाबद्दल सांगतो. आठवण कशी सांगावी आणि ती कशी ऐकावी, हे मला त्यांच्या मुलाखतींमधून कळलं.

त्यांचं नाव मार्टी ग्लिकमन. १९१७चा जन्म, आईवडील रुमानियातून आलेले, बालपण ब्रुकलिनमध्ये. साठ-सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या या भागात आलेल्या आपल्यापैकी काहींनी त्यांचा आवाज रेडिओवर नक्की ऐकला असेल. १९४६पासून न्यूयॉर्कच्या निक्स संघाचे बास्केटबॉल सामने, पुढे जायंट्स आणि जेट्स या संघांचं अमेरिकन फुटबॉल. बास्केटबॉलमध्ये चेंडू कड्याला न लागता जाळीतून सरकन उतरला की ते 'स्विश' म्हणायचे, आणि तो शब्द त्यांच्यामुळे अमेरिकाभर रुळला. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही याचं भान त्यांना सतत असे. चेंडू कुठल्या रेषेजवळ आहे, कोणाच्या हातात आहे, हे सांगितल्याशिवाय ते पुढे जात नसत. बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकत वाढलेल्या मंडळींना यातली गोडी मी काय सांगू!

हाच माणूस अठराव्या वर्षी अमेरिकेचा धावपटू म्हणून बर्लिनच्या ऑलिंपिकला गेला होता. १९३६ साल, हिटलरची जर्मनी. चार गुणिले शंभर मीटर रिलेसाठी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर यांचा सराव झाला होता, बॅटन देण्याघेण्याचा क्रमही ठरला होता. दोघेही ज्यू. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने ग्लिकमन यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करून जपली आहे. इतरही मुलाखतींमध्ये त्यांनी ही हकिकत सांगितली आहे. सांगण्याची पद्धत समालोचकाचीच. आधी खोली उभी करतात: प्राथमिक फेरीची सकाळ, ८ ऑगस्ट, सात धावपटू आणि प्रशिक्षक. मग कोण काय बोललं ते, क्रमाने. मुख्य प्रशिक्षक लॉसन रॉबर्टसन म्हणाले की जर्मनांनी आपले सर्वांत वेगवान धावपटू रिलेसाठी लपवून ठेवल्याची कुजबुज आहे, म्हणून तुमच्या दोघांच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ धावतील.

त्यावर अठरा वर्षांचा हा मुलगा बोलला. जागतिक दर्जाचा धावपटू लपवणार कसा? शर्यती धावल्याशिवाय तो त्या दर्जाला पोचेलच कसा? ओवेन्सही बोलले. माझी तीन सुवर्णपदकं झाली आहेत, मी दमलोय, मार्टी आणि सॅमला धावू द्या, तो त्यांचा हक्क आहे. सहप्रशिक्षक डीन क्रॉमवेल यांनी त्यांना सुनावलं, सांगितलं तसं कर. ओवेन्स यांचा हा शब्द ग्लिकमन प्रत्येक वेळी आवर्जून सांगत. स्टोलर यांचा त्या दिवशी एकविसावा वाढदिवस होता.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेने ३९.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. इटलीला ४१.१ सेकंद लागले, जर्मनीला ४१.२. लपवलेलं कोणीच नव्हतं. अमेरिकेच्या मैदानी चमूतले हे दोघेच असे राहिले की बर्लिनला जाऊन ते एकदाही धावले नाहीत.

मला या मुलाखतींत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने ठरवलेलं यांची ते सरमिसळ करत नाहीत. रिलेच्या संघात राहिलेले बाकीचे दोघे, वायकॉफ आणि ड्रेपर, हे क्रॉमवेल यांच्याच विद्यापीठाचे होते, हे ते सांगतात. क्रॉमवेल आणि अमेरिकन ऑलिंपिक समितीचे प्रमुख ॲव्हरी ब्रंडेज यांना हिटलरसमोर ज्यू खेळाडू विजयमंचावर नको होते, हा आपला ठाम निष्कर्ष ते निष्कर्ष म्हणूनच मांडतात. समितीने तेव्हा हा आरोप धुडकावला होता. १९९८मध्ये अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष विल्यम हिबल यांनी ग्लिकमन आणि दिवंगत स्टोलर यांचा सन्मान केला आणि झालेल्या अन्यायाची कबुली दिली. बासष्ट वर्षं गेली होती.

आणि राग? १९८५मध्ये ओवेन्स यांच्या गौरवानिमित्त ग्लिकमन पुन्हा बर्लिनच्या त्या स्टेडियममध्ये गेले. आपण हे केव्हाच मागे टाकलं, अशी त्यांची समजूत होती. तिथे उभे राहिले आणि संताप असा उसळला की तेच चकित झाले. कागदावर हे वाचून जेमतेम कळतं. आयुष्यभर आवाजावर जगलेल्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागतं.

त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक होतं, हे आपल्याला माहीत असायला हवं. कबड्डीची प्रात्यक्षिकं त्यांनी तिथे दाखवली. वऱ्हाडातल्या त्या पोरांना काय दिसलं, काय खटकलं, रात्री ती आपसात काय बोलली? त्यांच्याच बोलीत हे ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

म्हणून हा प्रस्ताव. मुलाखत ज्येष्ठांच्या घरीच घ्यावी, एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त नको. 'तुमचा संघर्ष सांगा' असं विचारू नका. पहिल्या नोकरीची खोली कशी होती, शेजारी कोण बसायचं, डब्यात काय असायचं, ते विचारा. अपमान झाला असेल तर त्या दिवशी कोण बाजूने उभं राहिलं, हेही विचारा. मालवणी, वऱ्हाडी, खानदेशी, ज्याची जी बोली तीत बोलू द्या. ते थांबले तर मध्ये बोलू नका, आणि ती शांतता नंतर कापूनही टाकू नका. मूळ ध्वनिमुद्रण कुटुंबाकडे राहील, मंडळाकडे त्यांच्या परवानगीने प्रत.

यंत्रं आहेत, तरुण मुलंमुली तयार आहेत. नावं चहाच्या वेळी माझ्याकडे द्या. ज्यांच्या घरात नव्वदीकडे झुकलेलं कोणी आहे, त्यांनी कृपया आधी यावं.