कोपऱ्यावरचं जपानी दुकान

श्रोतेहो, नमस्कार.

हल्ली कोल्हापुरातूनही बरीच मंडळी जपानच्या सहलीला जातात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: देवळं, किल्ले बघाच, पण तिथलं कोपऱ्यावरचं दुकानही सावकाश बघा. कोनबिनी म्हणतात त्याला.

मूळ कल्पना अमेरिकेची. 1927 साली टेक्सासमध्ये बर्फाच्या दुकानात दूध, ब्रेड, अंडी मिळू लागली, तिथून ही सुरुवात. 1974 मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात सेव्हन-इलेव्हन या दुकान-साखळीचं जपानमधलं पहिलं दुकान निघालं. आज त्या देशात सगळ्या साखळ्यांची मिळून अशी 50 हजारांवर दुकानं आहेत.

आत शिरलात की थंड पेयांची कपाटं सगळ्यात मागच्या भिंतीला दिसतील. बाटली घ्यायला आलेलं गिऱ्हाईक अख्खं दुकान ओलांडून जातं, हा झाला व्यापार. पण त्या कपाटांची खरी गंमत पाठीमागे आहे. मागे थंड खोली असते आणि माल तिकडूनच भरतात. नवी बाटली मागे राहते, आधीची आपोआप पुढे सरकते. शिळा माल तळाशी पडून राहत नाही आणि गिऱ्हाइकाच्या वाटेत खोकी येत नाहीत. किती साधं, आणि किती विचारानं केलेलं!

तसाच ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी मुटका. त्याच्याभोवती समुद्री शेवाळाचा पापड असतो. भाताला लागला की तो मऊ पडतो, म्हणून दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पदर ठेवलेला असतो. वेष्टनावर 1, 2, 3 असे आकडे. आधी मधली पट्टी ओढायची, मग एक कोपरा, मग दुसरा. पदर निघून येतो आणि कुरकुरीत पापड भाताला तिथल्या तिथे बिलगतो. गंगावेशीत समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसाला हा ताजेपणाचा हट्ट लगेच कळेल. शाकाहारी असाल तर उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट जपानी फळाचा ओनिगिरी शोधा, मात्र त्यातही माशाचा अर्क असू शकतो, तेव्हा विचारून घ्या.

वीजबिल भरा, पैसे काढा, पार्सल पाठवा, सगळं त्याच दुकानात.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती आणखी एक व्यवस्था. भूकंपात गाड्या बंद पडल्या आणि लोक पायी घरी निघाले, तर यातली कितीतरी दुकानं त्यांना पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि रस्त्याची माहिती देतात. तसं स्टिकर दारावरच लावलेलं असतं. 2017 मध्ये तिथल्या सरकारनं मोठ्या दुकान-साखळ्यांना आपत्ती कायद्याखाली अधिकृत जबाबदारीही दिली.

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा दूध-भाजीसाठी आपली काय धावपळ झाली, हे तुम्ही विसरला नसाल. कुठल्या भागात कुठलं दुकान उघडं राहील, त्याला माल कुठल्या वाटेनं पोचेल, हे महापालिकेनं आणि दुकानदारांनी पावसाळ्याआधी एकत्र बसून ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. पूररेषेतल्या पेठांपासून सुरुवात करता येईल.

नमस्कार.