दारात थांबलेला माणूस

(फिल्म सोसायटीत 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प'च्या खेळाआधी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, गेल्या रविवारी आपण मायकल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीचा 'ब्लॅक नार्सिसस' पाहिला. खेळ संपल्यावर जिन्यातच तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला : दार्जिलिंगच्या बाजूला हे शूटिंग नेमकं कुठे झालं? तर कुठेच नाही. ते युनिट हिंदुस्थानात आलंच नाही. सगळं काम लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झालं, आणि झाडापेडांसाठी ससेक्समधल्या लेनर्ड्सली या बागेत. ते बर्फाचे सुळके आणि घंटेचा दोर ओढताना जिच्याकडे बघून आपले पाय कापतात ती दरी पर्सी डे आणि त्याच्या माणसांनी काचेवर रंगवली होती.

हे सांगितल्यावर एक काका जरा हिरमुसले. फसवलं म्हणायचं की हो, म्हणाले. त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते आज देते.

तो हिमालय आपला नाहीच. आपल्या ओळखीचा हिमालय शोधायला गेलात तर हा चित्रपट हातातून निसटेल. एका जुन्या राजवाड्यात पाच ख्रिस्ती जोगिणी शाळा आणि दवाखाना काढायला येतात. वारा थांबत नाही. भिंतींवर पूर्वी तिथे राहिलेल्या जनानखान्याची चित्रं आहेत. फ्लोरा रॉब्सनची सिस्टर फिलिपा भाजीच्या वाफ्यात फुलं लावून बसते. डेबोरा कारची सिस्टर क्लोडा नाताळचं गाणं म्हणता म्हणता आयर्लंडमधल्या जुन्या नाताळात जाऊन पोहोचते. चेहऱ्याभोवती जोगिणीचं पांढरं कापड तसंच आणि डोळे मात्र हजारो मैलांवर. पॉवेलला वारा, उंची, रंग, सावली हे सगळं मुठीत हवं होतं, कारण तो त्या बायकांच्या मनाची हवा रंगवत होता. खऱ्या डोंगरावर खरा डोंगर मिळाला असता, ही हवा मिळाली नसती.

आणि नावाकडे लक्ष गेलं का तुमचं? 'ब्लॅक नार्सिसस' हे चित्रपटातल्या तरुण जनरलच्या, म्हणजे आपल्या म्हैसूरच्या साबू या नटाच्या अंगावरचं अत्तर. ते त्याने मागवलंय कुठून? लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून. पूर्वेचा म्हणून ज्या वासाने त्या बायकांचं चित्त विचलित होतं, तो वास त्यांच्याच गावच्या दुकानातून आलेला आहे. इतकी मोठी गोष्ट चित्रपट जाता जाता सांगतो आणि पुढे निघून जातो.

एक मात्र बोललंच पाहिजे. जीन सिमन्सला चेहरा सावळा रंगवून कांची ही तिथली मुलगी केलंय, ते खटकतं आणि खटकायलाच हवं. त्यावर पांघरूण घालून या चित्रपटावर प्रेम करता येत नाही. मी त्या खटक्यासकट तो पुन्हा पुन्हा पाहते.

आता ही दोन माणसं कोण? मायकल पॉवेल इंग्लंडच्या केंट परगण्यातला, १९०५चा. एमेरिक प्रेसबर्गर हंगेरीतल्या मिश्कोल्त्सचा, १९०२चा, ज्यू. बर्लिनमध्ये उफा कंपनीसाठी पटकथा लिहायचा. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याला बर्लिन सोडावं लागलं. आधी पॅरिस, मग १९३५मध्ये लंडन. इंग्रजी तो तिथे आल्यावर शिकला. अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने दोघांची गाठ घालून दिली, तोही मूळचा हंगेरियनच. 'द स्पाय इन ब्लॅक' १९३९मध्ये आला. पुढे त्यांनी 'द आर्चर्स' नावाची स्वतःची संस्था काढली. लक्ष्यावर बाण येऊन रुततो ते बोधचिन्ह आज सुरुवातीलाच दिसेल. त्यानंतर येणारी पाटी नीट वाचा : लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन, मायकल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर. तिन्ही कामांवर दोघांची नावं. सेटवर उभा राहायचा तो पॉवेल, गोष्ट बहुतेक वेळा सुचायची ती प्रेसबर्गरला, हे सगळ्या युनिटला ठाऊक होतं. तरी पाटीवर वाटणी नाही. आपल्याला हे परकं वाटू नये, 'संत तुकाराम'च्या पाटीवर आपण दामले-फत्तेलाल असं एका दमात वाचतोच.

लोक या चित्रपटांना अस्सल इंग्रजी म्हणतात. मग ते केले कुणी बघा. 'ब्लॅक नार्सिसस'चा राजवाडा उभा करून ऑस्कर घेणारा आल्फ्रेड युंगे जर्मन. 'द रेड शूज'चा रंगमंच रचणारा हाइन हेकरोथ जर्मन. आज ज्याला डोळे भरून बघायचंय तो अँटन वॉलब्रुक ऑस्ट्रियन, नाझींमुळे देश सोडून आलेला. बाहेरून आलेल्या माणसाला घर जास्त स्पष्ट दिसतं. घरच्या माणसाच्या नजरेतून उंबरठा सुटून जातो, बाहेरचा मात्र त्या उंबरठ्यावरच थांबलेला असतो. मला या जोडीच्या चित्रपटांत सतत हाच माणूस दिसतो, दारात थांबलेला, आत येऊ का म्हणून विचारणारा.

'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' घ्या, १९४६चा. ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांची मनं जुळावीत असं काहीतरी करा, ही मुळात सरकारी प्रचारखात्याची सूचना. यांनी काय केलं? विमानातून पॅराशूटशिवाय उडी मारलेला वैमानिक मरायचा चुकून राहतो, प्रेमात पडतो आणि परलोकात त्याच्यावर खटला उभा राहतो. पृथ्वी टेक्निकलरमध्ये, परलोक कृष्णधवल. कुणीही उलटं केलं असतं. यांना रंग इथल्या मातीत दिसला, गालावरच्या एका अश्रूत दिसला. तो अश्रू गुलाबाच्या पाकळीवर टिपून पुरावा म्हणून वर नेतात. पण मला सांगायचंय ते ज्यूरीबद्दल. इंग्रज माणसाचा न्याय करायला फिर्यादी पक्ष कुणाला बसवतो? एक फ्रेंच, दक्षिण आफ्रिकेतला एक बोअर, एक रशियन, एक चिनी, एक आयरिश आणि एक हिंदुस्थानी. ज्यांच्या ज्यांच्याशी इंग्लंडचं वैर झालं, ते सगळे. १९४६ साल आहे, आपण अजून स्वतंत्र व्हायचोय. सरकारच्या सूचनेवरून निघालेल्या चित्रपटात ही माणसं आपल्याच साम्राज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात, आणि हा चित्रपट पहिल्या रॉयल फिल्म परफॉर्मन्सला राजाराणीसमोर दाखवला जातो. ही हिंमत साधी नाही.

'द रेड शूज'वर एक अख्खी संध्याकाळ खर्चायला हवी. ते सतराएक मिनिटांचं बॅले नुसतं गोष्ट म्हणून सांगण्यात अर्थ नाही, ते पडद्यावरच बघू. आज 'ब्लिम्प'.

कर्नल ब्लिम्प हे मुळात डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराचं पात्र. ढेरपोट्या, मिशाळ, हेकट म्हातारा लष्करी अधिकारी, टर्किश बाथमध्ये बसून मतं फेकणारा. हे हास्यचित्र घेऊन यांनी विचारलं : हा माणूस असा झाला कसा? रॉजर लिव्हसीचा म्हातारा क्लाइव्ह कँडी एका तरुण अधिकाऱ्याशी झटापट करत हौदात पडतो. कॅमेरा हौदाच्या कडेकडेने सरकत राहतो आणि पलीकडच्या टोकाला पाण्यातून बाहेर येतो तो चाळीस वर्षांपूर्वीचा, १९०२चा, सडपातळ कँडी. मधली चाळीस वर्षं एका हौदात मावली.

पुढे बर्लिनमध्ये द्वंद्वयुद्ध आहे. नियमांचं वाचन, बाह्या वर करणं, पावलं मोजणं, सगळी तयारी आपण मिनिटन् मिनिट बघतो. तलवारीला तलवार भिडते आणि कॅमेरा वर निघतो, छतातून बाहेर पडतो, बर्लिनवर बर्फ पडतोय. युद्ध आपल्याला दिसतच नाही. कोण जिंकलं याचं पॉवेल-प्रेसबर्गरना सोयरसुतक नाही. समोरचा जर्मन थिओ, म्हणजे वॉलब्रुक, पुढे कँडीचा जन्मभराचा मित्र होतो, ती खरी गोष्ट. आणि दोघांच्या मधे डेबोरा कार, तीन काळांतल्या तीन वेगळ्या स्त्रिया एकटीने केल्यात तिने. तेव्हा ती जेमतेम वीस-एकवीस वर्षांची होती.

१९४३मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, जर्मन माणसाला शहाणा आणि हळवा दाखवायचं. चर्चिल भडकला. हा चित्रपट थांबवता येईल का, असं त्याने आपल्या प्रचारमंत्र्याला विचारलं. सरकारने लॉरेन्स ऑलिव्हिये या नटाला नौदलातून मोकळं केलं नाही, म्हणून तर ती भूमिका लिव्हसीकडे आली. चित्रपट देशाबाहेर पाठवायलाही आडकाठी झाली आणि पुढे कित्येक वर्षं तो कापलेला, तुकड्यांतच फिरत राहिला.

ज्या प्रसंगासाठी मी आज इथे उभी आहे तो उत्तरार्धात येतो. १९३९. म्हातारा थिओ इंग्लंडमध्ये आसरा मागायला आलाय. समोर टेबलापलीकडे अधिकारी, तो विचारतो, का आलात? आणि थिओ सांगू लागतो. बायको इंग्रज होती, ती गेली. मुलं नाझी झाली, आईच्या मातीलासुद्धा आली नाहीत. आता एक दमलेला म्हातारा उरलाय आणि त्याला घराची ओढ लागलीय. घर कुठलं, तर बायकोचं. तिच्या आवडीची झाडं, ओली हिरवळ, हा शत्रूचा देश. हे प्रेसबर्गरने लिहिलं तेव्हा इंग्लंडच्या कागदोपत्री तो स्वतःच 'शत्रुराष्ट्राचा परका' होता. त्याने ते टेबल पाहिलं होतं. म्हणून त्या भाषणात एकही मोठा शब्द नाही. पुढे तो इंग्लंडमध्येच राहिला, १९८८मध्ये तिथेच गेला. सफोकमधल्या आस्पल गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलंय आणि दगडावर डेव्हिडचा तारा, ज्यूंचं चिन्ह, कोरलाय. त्या आवारात तसं थडगं ते एकच.

चला, उशीर नको. चित्रपट पावणेतीन तासांचा आहे, पाणी आत्ताच पिऊन घ्या. थिओ त्या खुर्चीत बसला की एवढंच बघा, कॅमेरा त्याच्याकडे केव्हा सरकायला लागतो. मला तो सरकतोय हे दुसऱ्यांदा बघताना कळलं, पहिल्यांदा मी त्याच्या चेहऱ्याशिवाय काहीच पाहिलं नव्हतं.